शाळेच्या वाटेने आलेले बायबल

चिनुआ अचेबेच्या ‘ॲरो ऑफ गॉड’ या १९६४ सालच्या कादंबरीत उलू देवाचा पुजारी एझेउलू आपल्या एका मुलाला मिशनऱ्यांकडे पाठवतो. श्रद्धा बदलली म्हणून नव्हे. गोऱ्यांच्या घरात काय शिजते आहे ते बघणारे आपले एक माणूस तिथे असावे म्हणून. पश्चिम आफ्रिकेतल्या मिशन शाळांचा इतिहास वाचताना हा बाप सारखा आठवतो. मिशनऱ्याचा हिशोब होता, शाळेतून मूल चर्चमध्ये येईल. बापाचा हिशोब होता, शाळेतून मूल साहेबाच्या कचेरीत जाईल. दोघेही एकाच बाकाकडे बघत होते. अचेबेला हे आतून ठाऊक असणार, कारण त्याचे वडील चर्च मिशनरी सोसायटीचे धर्मशिक्षक होते.

सुरुवातीला मात्र वाचन आणि धर्म वेगळे काढताच येत नव्हते. प्रोटेस्टंट माणसाने बायबल स्वतः वाचायचे, मग आधी त्याला वाचता यायला हवे. गुलामांच्या जहाजातून १८२२ मध्ये सोडवलेला योरुबा मुलगा अजायी फ्रीटाउनला आला, बाप्तिस्मा घेऊन सॅम्युअल क्राउथर झाला आणि १८२७ साली निघालेल्या फोरा बे कॉलेजच्या पहिल्यावहिल्या विद्यार्थ्यांत त्याचे नाव लागले. पुढे योरुबा बायबलच्या कामाचा कणा तोच होता. गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, बाझल मिशनच्या योहान क्रिस्टालरने ट्वी भाषेतले बायबल १८७१ मध्ये पुरे केले, १८८१ मध्ये कोश काढला आणि मध्ये १८७९ साली ३,६०० ट्वी म्हणींचा संग्रहही छापला. उपदेश करायला आलेल्या माणसाने एवढ्या म्हणी गोळा करायच्या म्हणजे किती वर्षे मुकाट ऐकत बसावे लागले असेल! त्या काळच्या मिशन कामातला मला सगळ्यांत आदरणीय वाटणारा भाग हाच.

चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन यांची कल्पना तर आणखी पुढची होती. स्थानिक चर्चने स्वतःचा कारभार, खर्च आणि प्रसार स्वतः करावा आणि परदेशी मिशनने हळूहळू बाजूला व्हावे. १८६४ मध्ये क्राउथर बिशप झाला तो या विचाराचा विजय होता. पण व्हेन गेले, आफ्रिकेच्या वाटणीचे दिवस आले. १८९० च्या सुमारास नायजर मिशनवर आलेल्या तरुण इंग्रज मिशनऱ्यांनी क्राउथरच्या माणसांवर ठपके ठेवले, कामावरून काढले आणि म्हाताऱ्या बिशपला त्याच्याच समितीत अपमान गिळावा लागला. १८९१ च्या शेवटच्या दिवशी तो वारला. त्याच्या जागी आला इंग्रज बिशप. आफ्रिकी माणसाने बायबल वाचावे, भाषांतरही करावे, पण निर्णय घेऊ नये, इतका हा विचार आक्रसला. साम्राज्याची हवा लागली की धर्मविचार कसा बदलतो, याचे इतके उघडे उदाहरण क्वचितच सापडते.

शाळा हेच मिशन, हे सूत्र पूर्णपणे अमलात आणले ते आयरिश कॅथलिक जोसेफ शॅनहन यांनी. १९०५ पासून नायजेरियातल्या इग्बो प्रदेशाची धुरा त्यांच्याकडे होती. गुलाम विकत घेऊन, मुक्त करून ख्रिस्ती वस्त्या वसवण्यात जाणारा पैसा त्यांनी गावोगावच्या शाळांकडे वळवला. प्रोटेस्टंट मिशन मातृभाषेवर अडून बसले होते. गावांना हवे होते इंग्रजी, कारण कचेरी, रेल्वे, कोर्ट सगळीकडे कारकून आणि दुभाषे लागत होते. शॅनहननी गावांची नस ओळखली. मग गावेही चतुर झाली. एक मिशन मास्तर देईना तर ती दुसऱ्याकडे जात. आठवडाभर वर्ग आणि रविवारी प्रार्थना एकाच झापाच्या छपराखाली, शिकवणारा आणि प्रार्थना सांगणारा माणूसही बहुधा एकच. जिंकले कोण, हे ठरवणे अवघड आहे. चर्चेस भरली हे खरे, पण एझेउलूचा हिशोबही चुकला नाही.

दरम्यान तिसरा भागीदार आला होता, सरकारी अनुदान. १८८२ मध्ये गोल्ड कोस्टमध्ये शिक्षणाचा कायदा झाला आणि शाळा तपासणीत कशी उतरते त्यावर मदत मिळू लागली. त्याच वर्षी आपल्याकडे हंटर कमिशनपुढे महात्मा फुले प्राथमिक शिक्षणासाठी भांडत होते. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेला हा माणूस पैसा कुठे जावा, यावर बोलत होता. अनुदानाची पद्धत हिंदुस्थानात १८५४ च्या वुड यांच्या खलित्यापासूनच आली होती. तपासनीस आला की तो मुलाचा विश्वास तपासत नाही; वाचन, लेखन, गणित तपासतो. मिशनला पैसा मिळाला आणि त्याबरोबर बायबलला वेळापत्रकात एक तास मिळाला. तासात बसवलेली गोष्ट तासापुरतीच उरण्याचा धोका असतो.

नायजेरियाचे यादवी युद्ध १९७० मध्ये संपले आणि पूर्वेकडच्या राज्य सरकारने मिशन शाळा ताब्यात घेतल्या. युद्धात फुटून निघालेल्या पूर्व भागाच्या, म्हणजे बायाफ्राच्या, लोकांना मिशनऱ्यांनी मदत केली, हा रागही त्यामागे होता. पुढे इतर राज्यांनीही तेच केले. शाळा गेल्या म्हणजे बायबल गेले, असे अनेकांना वाटले असेल. घडले उलटेच. युद्धकाळापासून स्क्रिप्चर युनियनच्या विद्यार्थी गटांत पुनरुज्जीवनाची लाट उसळली होती. मुले मुलांना बायबल शिकवत होती, वरून कुणी नेमलेले नसताना. लागोस विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या विल्यम कुमुयी यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या बायबल अभ्यासगटातून ‘डीपर लाइफ’ हे प्रचंड चर्च उभे राहिले. वेळापत्रकातला ख्रिस्ती धर्मज्ञानाचा तास मात्र परीक्षेचा विषय होऊन बसला: पौलाचे प्रवास क्रमाने लिहा, दाविदाच्या चुका सांगा, गुण मिळवा. मालकी हातची गेल्यावर श्रद्धा वाढली, एवढा सरळ निष्कर्ष मी काढणार नाही. युद्धातली उपासमार आणि भीती यांचा वाटा त्यात मोठा आहे. पण मालकी हवीच, हा जुना आग्रह यातून निश्चितच ढिला पडतो.

तो आग्रह संपलेला नाही. २००० नंतर काही राज्यांनी शाळा चर्चना परत दिल्या. जिथे दिल्या नाहीत तिथे नावे चर्चची, पगार सरकारचे. नायजेरियाच्या राज्यघटनेचे ३८ वे कलम म्हणते की विद्यार्थ्यावर दुसऱ्या धर्माचे शिक्षण लादता येणार नाही. २०२१ मध्ये क्वारा राज्यात अशा दहा अनुदानित शाळांत मुस्लिम मुलींनी हिजाब घालावा की नाही यावरून तंटा पेटला आणि सरकारला शाळा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. चर्च म्हणत होते, शाळा आम्ही बांधल्या. सरकार म्हणत होते, पगार आम्ही देतो, त्यामुळे त्या सार्वजनिक आहेत. वाद धर्माचा म्हणून गाजला, पण दोन्ही बाजूंची कागदपत्रे पाहिली तर सगळे भांडण १८८२ पासून चालत आलेल्या अनुदानाच्या भाषेतच चालले होते.