खरं बोलणाऱ्याला वकील कशाला?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आरतीनंतर एका ताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ज्याचं मन साफ आहे त्याने वकील करायचा म्हणजे महाराजांवरचा भरवसा कमी पडला, असं नाही का होत?" त्यांच्या घरी पोलिसांचा कागद आला होता. मी लगेच काही बोलले नाही. कारण हाच प्रश्न मागे एकदा मला एकीने विचारला होता, आणि तेव्हा मी फटकन उत्तर दिलं होतं.

ती आपल्याच सत्संगातली. तिला विचारूनच लिहिते आहे, नाव मात्र लिहीत नाही. तिच्या मुलाने कॉलेजच्या ओळखीतल्या एकाला आपलं बँक खातं आणि एटीएम कार्ड वापरायला दिलं. बदल्यात पाच हजार रुपये घेतले. त्या खात्यातून परराज्यातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाचे लुबाडलेले पैसे फिरले. काही महिन्यांनी तिकडच्या पोलिसांची नोटीस आली, ती घेऊन ही माझ्याकडे आली. मी चहा ठेवला, कागद नीट वाचलासुद्धा नाही, आणि म्हटलं, "अगं, त्याने कुणाला फसवलं नाही ना? मग भीती कसली? जाऊन खरं काय ते सांगून ये म्हणावं. वकील लोक साधं प्रकरण वाढवून ठेवतात."

मुलगा एकटा गेला. त्याला वाटलं, भराभर हो म्हटलं की लवकर सुटू. खातं कशासाठी मागतायत हे कळलं होतं का, असं विचारल्यावर "हो, कळलंच होतं थोडं" म्हणाला. त्याला म्हणायचं होतं की नंतर, खातं गोठवलं तेव्हा कळलं. पुढच्या तारखेला परीक्षा होती म्हणून गेला नाही, आणि तसं लिहून कळवलंही नाही. मग अटक झाली. अकरा दिवस पोरगं आत होतं. त्या अकरा दिवसांत माझ्या देवघरातला दिवा रोज लागत होता, पण समोर बसायला मला लाज वाटायची.

आता, तो अगदी निर्दोष होता असंही मी म्हणणार नाही. फुकटचे पाच हजार कुणी का देतं, हे वीस वर्षांच्या मुलाला कळायला हवं होतं. लोभ झाला, ते पाप त्याचंच. पण कागदावर कलम होतं फसवणुकीचं. भारतीय न्याय संहितेत त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि तो गुन्हा सिद्ध व्हायला फसवण्याचा हेतू दाखवावा लागतो. लोभ वेगळा, फसवण्याचा हेतू वेगळा. केलेलं कबूल करावं, हे आपण सत्संगात शिकतो. पण न केलेलंही पदरात घ्यावं, असं कुठे शिकलो? खरं बोलायचं तर ते नेमकं बोलावं लागतं. घाबरलेल्या माणसाला नेमकं बोलता येत नाही. आपण डॉक्टरसमोरसुद्धा दुखतंय कुठे ते धड सांगू शकत नाही!

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. ते मौनात उभे होते. चोर लुटीचा माल घेऊन त्यांच्या आश्रमात लपले. मागून आलेल्या राजाच्या शिपायांनी विचारलं, चोर कुठे गेले? ऋषी बोलले नाहीत. माल आश्रमातच सापडला, आणि राजाने चोरांबरोबर त्यांनाही सुळावर चढवलं. पुढे राजाला चूक कळली, त्याने पाय धरले, पण सुळाचं टोक अंगात राहिलं ते राहिलंच. म्हणून ते अणीमांडव्य. लहानपणी आजीकडून ही कथा ऐकली तेव्हा मला फक्त त्यांची सहनशक्ती दिसली होती. मुलाच्या प्रकरणानंतर पुढचा भाग पुन्हा वाचला. ते "माझं प्रारब्ध" म्हणून गप्प बसले नाहीत. थेट धर्मराजाकडे गेले आणि विचारलं, कोणत्या कर्माचं हे फळ? धर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांना काडी टोचली होतीस. ऋषी म्हणाले, एवढ्याशा अपराधाला एवढा दंड? त्यांनी धर्मालाच शाप दिला, तोच विदुर झाला. आणि चौदा वर्षं वयापर्यंतच्या कृत्याला पाप धरायचं नाही, अशी मर्यादा घातली. म्हणजे आरोप काय, पुरावा काय, वय काय, शिक्षेचं माप काय, सगळे प्रश्न त्यांनी विचारले. वकील तरी दुसरं काय करतो? धर्मराजापुढे युक्तिवाद चालतो, तर ठाण्यात आणि कोर्टात करायला संकोच कशाला?

भगिनींनो, थोडं व्यवहाराचं लिहिते, कारण हे मला तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं. कागद आला की आधी एवढंच पाहायचं: आपल्याला साक्षीदार म्हणून बोलावलंय की आरोपी म्हणून, आणि कलम कोणतं. आरोपी म्हणून असेल, तर वकील पहिल्या जबाबाच्या आधी गाठायचा. आरोपपत्र आल्यावर बघू, असं बरेच जण करतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो. हजर राहण्याची नोटीस असेल तर तारीख चुकवायची नाही. नोटीस पाळणाऱ्याला, कारण लिहून ठेवल्याशिवाय त्या गुन्ह्यात अटक करता येत नाही. अटकेची खरीच भीती असेल तर सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अटकपूर्व जामीन मागता येतो. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. अटक झालीच तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे न्यावं लागतं, आणि आपल्या पसंतीचा वकील गाठण्याचा हक्क राज्यघटनेच्या 22व्या कलमातच आहे. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, ते 20व्या कलमात. ह्यातलं काहीही खोटं बोलायला शिकवत नाही.

पैशाचं म्हणाल तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रियांना आणि कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. 15100 ह्या नंबरवर फोनही करता येतो. मला पन्नाशीत कळलं हे, बी.ए. होऊन!

काहींना वाटतं, अपराध्याची बाजू घेणारा वकील पापाचा वाटेकरी होतो. मलाही वाटायचं. पण 26/11 च्या कसाबलासुद्धा आपल्या देशाने वकील दिला. आणि 2012 च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीला पहिल्यांदा समोर आणतील तेव्हाच दंडाधिकाऱ्याने त्याला वकिलाच्या हक्काची कल्पना द्यायला हवी. शिक्षा टळली नाही. पण ती त्याचं म्हणणं ऐकून झाली. अशीलाला खोटं शिकवणारे वकील असतात, नाही असं नाही, तसे भोंदू बुवाही असतात. त्यांच्यामुळे आपण गुरू करायचं सोडलं का?

त्या मुलाची केस अजून चालू आहे. त्याला आता चांगले वकीलसाहेब मिळालेत. त्यांनी पहिल्या भेटीत विचारलं, "पाच हजार घेतलेस का?" तो हो म्हणाला. ते म्हणाले, "हे लपवायचं नाही. आणि जे केलं नाहीस, ते बोलायचं नाही." त्याची आई मला म्हणाली, "ताई, असं तुम्हीच तेव्हा सांगितलं असतं तर!" तिने रागाने म्हटलं नव्हतं, तरी ते अजून टोचतं.

गुरुवारच्या ताईंना मी म्हटलं, भरवशाचं नंतर बोलू, आधी कागद आणा. शुक्रवारी त्या घेऊन आल्या. ह्या वेळी चहा नंतर ठेवला. दोघींनी चष्मे लावून दोनदा वाचला. त्यांच्या यजमानांना साक्षीदार म्हणून बोलावलं आहे, सोसायटीच्या कुठल्याशा जुन्या हिशोबाबद्दल. यजमान चौसष्ट वर्षांचे. साठच्या वरच्या पुरुषाला साक्षीसाठी ठाण्यावर यायची सक्ती नाही, घरी येऊन विचारावं लागतं. ताई चार रात्री झोपल्या नव्हत्या. तरी सोमवारी अकरा वाजता आम्ही दोघी विधी सेवेच्या कार्यालयात जाऊन एकदा विचारून येणार आहोत, साध्या कागदाचं उत्तर कसं लिहायचं ते.

– एक गुरुभगिनी, इंदूर