बोटीचा हिशेब, घरचा हिशेब

घिवलीत कुणी पगार विचारला की मी खऱ्यापेक्षा कमी सांगतो. निम्मा नाही, पण बऱ्यापैकी कमी. आईला खरा आकडा माहीत आहे, बाबांना अंदाज आहे, बाकी कुणाला नाही. कारण लाजिरवाणं असलं तरी साधं आहे. किनाऱ्यावरच्या गावात प्रत्येक घराला कधी ना कधी इंजिन खोलायचं असतं, जाळं घ्यायचं असतं, पोरीची फी भरायची असते, आणि पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये गेलेला मुलगा नात्यात कुठून तरी लागतोच.

आणि हाच मी, राजकारणाचा विषय निघाला की मोठ्या आवाजात म्हणतो, आमदार-खासदारांची आयकर विवरणपत्रं जशीच्या तशी लोकांसमोर ठेवली पाहिजेत. गणपतीत घरी गेलो तेव्हा ओटीवर बसून हेच चाललं होतं. काका फाटलेलं जाळं दुरुस्त करत ऐकत होता. मान वर न करता त्याने विचारलं, "तुझं सांगत नाहीस, त्यांचं मागतोस?"

मी काहीतरी पुटपुटलो. करदात्यांचा पैसा, लोकप्रतिनिधी, पारदर्शकता वगैरे. काकाला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. पुण्याला परतताना गाडीत बसल्या बसल्या जे उत्तर सुचलं, ते त्याच्याच धंद्यातून सुचलं.

काकाची लहानशी बोट आहे. मासळी विकून झाली की हिशेब होतो. डिझेल, बर्फ, रेशन वजा जातं आणि उरलेल्याचे वाटे पडतात. हा हिशेब काका खलाशांसमोर बोलून दाखवतो, आकडा न् आकडा. त्यात उपकार नाही. त्यांचा वाटा त्यातूनच निघतो, म्हणून तो त्यांना दिसला पाहिजे. पण घरी काकीच्या डब्यात किती आहेत, हे आजवर एकाही खलाशाने विचारलेलं नाही. बोटीचा हिशेब उघडा, घरचा झाकलेला. माझा पगार या दुसऱ्या जातीचा आहे. गावातल्या कुणाचाही वाटा माझ्या पगारातून निघत नाही (निघावा असं काहींना वाटतं, ते वेगळं).

मग पुढाऱ्याचं विवरणपत्र हा बोटीचा हिशेब की घरचा?

सर्वोच्च न्यायालयाने कल दिला तो घराकडे. गिरीश रामचंद्र देशपांडे यांनी अकोल्यातल्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याची माहिती मागितली होती, त्यात विवरणपत्रंही होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये निकाल आला की विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती आहे, व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती मिळणार नाही. खटला एका सरकारी नोकराचा होता, पण त्यानंतर कुणाचंही विवरणपत्र मागणाऱ्यापुढे हाच निकाल ठेवला जाऊ लागला. पुढे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातला हा अपवाद आणखी रुंद केला. आधी त्यात सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे पाहावं लागायचं. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारू नये, असं एक वाक्यही होतं. दोन्ही गेलं. उरलं ते इतकंच, की वैयक्तिक माहिती द्यायला नको. जनहितासाठी वेगळं कलम शिल्लक आहे, पण जनहित सिद्ध करण्याचं ओझं मागणाऱ्याच्या डोक्यावर आहे.

तत्त्व म्हणून मला हे अगदीच चुकीचं वाटत नाही. पण समजा, बोटीचा हिशेब हंगामामागून हंगाम तोट्याचा निघतोय आणि नाखव्याच्या घरावर दुसरा मजला चढतोय. खलाशी घराकडे बघणारच. त्याला कुचाळक्या म्हणता येणार नाही. दोन हिशेबांमधली भिंत नाखव्यानेच पाडली आहे का, एवढंच ते विचारतायत, आणि ते कळण्याचा दुसरा मार्ग त्यांच्याकडे नाही.

कुणी म्हणेल, निवडणुकीचं शपथपत्र आहे की. आहे, आणि ते सहज मिळालेलं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनंतर उमेदवारांना मालमत्ता जाहीर करावी लागली. २०१९ पासून लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला पाच वर्षांचं उत्पन्नही द्यावं लागतं, स्वतःचं, जोडीदाराचं आणि अवलंबितांचं. पण ते उत्पन्न म्हणजे दर वर्षी एक आकडा. मी संगणकाची भाषा बोलणारा माणूस, मला ते फक्त उत्तर छापणाऱ्या प्रोग्रॅमसारखं वाटतं. उत्तर आलं कुठून, ते दिसत नाही.

त्या एका आकड्यात काय दिसत नाही, ते आमच्या भागातल्या माणसाला पटकन कळेल. इथे प्रश्न जमिनीचा असतो. अणुऊर्जा प्रकल्पासाठी शेजारची अक्करपट्टी आणि पोफरण उठली. बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशन होतंय. वर डहाणूजवळ वाढवणला ७६,२२० कोटींचं बंदर, ज्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली आणि ज्याला इथल्या मच्छीमारांनी सतत विरोध केला आहे. अशा ठिकाणी लोकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते. प्रकल्प जाहीर होण्याआधी जमीन कुणी घेतली आणि नंतर कुणी विकली? शपथपत्रात ते भरलं त्या दिवशी नावावर असलेली जमीन येते. दोन निवडणुकांच्या मध्ये घेऊन विकलेली जमीन कुठेच उमटत नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे ते विवरणपत्रातल्या करपात्र एकूण उत्पन्नात येत नाही, म्हणून शपथपत्रातल्या आकड्यातही नाही. पण विवरणपत्राच्या आत ते आहे. शेतीचं निव्वळ उत्पन्न पाच लाखांच्या वर गेलं की करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात जिल्हा, पिनकोड, किती एकर, स्वतःची की भाड्याची, बागायती की कोरडवाहू, सगळं भरावं लागतं. मला पुढाऱ्याचं बाकी काही नको. तो तक्ता, भांडवली नफ्याचा तक्ता आणि भागीदारीतल्या संस्थांची नावं एवढीच पानं दाखवा. विम्याचा हप्ता आणि आजारपणाची वजावट झाकून ठेवा. (गावाकडची शेतजमीन विकल्याचा नफा बहुतेकदा भांडवली नफ्यात मोजलाच जात नाही, म्हणजे विवरणपत्रातूनही काही निसटणारच. हे मान्य करून मी बोलतोय.)

इथपर्यंत माझं उत्तर तयार होतं. मग काकी आठवली.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत काकी महिलांच्या जागेवर उभी होती. ऑनलाइन अर्ज मी भरला. मालमत्तेच्या रकान्यापाशी आलो तेव्हा ती थांबली. सोनं किती, ते सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाली, त्यातलं अर्धं गहाण आहे, कर्जाच्या रकान्यात लिहावं लागेल का. लागेल, म्हटलं. "मग सगळ्यांना दिसणार?" दिसणार. कागद लागला, कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला, आणि आठवड्याभरात गहाण सोन्याची गोष्ट बाजारात तिच्या टोपलीपर्यंत पोचली. काकी पडली. तिच्याशी भांडण झालं की बायका अजून ते सोनं काढतात.

म्हणजे उघडेपणाची किंमत असते आणि ती मीच, माझ्या बोटांनी, तिच्याकडून वसूल केली. काकाचा प्रश्न कदाचित तिथूनच आला होता.

तरीही माझं मत बदललं नाही, उलट राग वाढला. कारण दुसऱ्या टोकाला काय चालतं, ते पाहा. २०१७ मध्ये आयकर विभागाने सर्वोच्च न्यायालयाला सांगितलं की ७ लोकसभा सदस्य आणि ९८ आमदारांच्या संपत्तीत मोठी वाढ आणि तफावती आढळल्या आहेत. त्यांची नावं बंद पाकिटात दिली. काकीचं गहाण सोनं भिंतीवर आणि त्यांची नावं पाकिटात.

शिवाय शपथपत्र उमेदवारीला चिकटलेलं आहे, सत्तेला नाही. बाळासाहेब ठाकरे यांनी कधीच निवडणूक लढवली नाही. महाराष्ट्राच्या सत्तेवर त्यांची पकड किती होती हे सांगायला नको, पण त्यांना शपथपत्र कधी भरावंच लागलं नाही. उद्धव ठाकरे यांची मालमत्ता लोकांना पहिल्यांदा कळली ती मे २०२० मध्ये, विधान परिषदेचा अर्ज भरल्यावर. तेव्हा ते मुख्यमंत्री होऊन पाच महिने उलटले होते. यात बेकायदा काही नाही. कायदाच तसा आहे, हीच माझी तक्रार आहे. काकीला हरण्याआधी सगळं सांगावं लागलं. मला वाटतं नियम उलटा हवा. अर्ज भरताना थोडं, आणि खुर्ची मिळाल्यावर दर वर्षी जास्त. खुर्ची जितकी मोठी तितकी पानं अधिक. पाकिस्तानने २०१४ मध्ये खासदार-आमदारांनी भरलेल्या कराची यादी छापली होती, म्हणजे उपखंडात हे अशक्य आहे असंही नाही.

नॉर्वेत सगळ्याच नागरिकांचं उत्पन्न आणि कर पाहता येतो. पण २०१४ पासून, कुणी पाहिलं ते त्या माणसाला कळतं. त्यानंतर पाहणारे एकदम कमी झाले. काकीच्या कागदाचा फोटो काढणाऱ्याला आपलं नाव तिला कळणार हे माहीत असतं, तर त्याने तो काढला असता का? पुढाऱ्यांसाठी मात्र हा नियम मला नको. वाळूवाल्याची किंवा जमीनवाल्याची चौकशी करणाऱ्याचं नाव आधी त्यालाच कळलं तर काय होतं, ते आपल्याकडच्या माहिती अधिकार कार्यकर्त्यांना विचारावं लागत नाही.

हे सगळं मी दिवाळीत काकाला सांगितलं, नॉर्वे वगळून. बोटीचा हिशेब आणि घरचा हिशेब त्याला पटला. काकी आतून ऐकत होती, ती काही बोलली नाही. माझा खरा पगार मी अजूनही सांगितला नाही. चार दिवसांनी इंजिनाचं काम निघालं. मी दिलेले पैसे काकाने दोनदा मोजले आणि म्हणाला, "एवढे असतात होय तुझ्याकडे?"