सुटे भाग, अखंड हक्क

गाडी चोरणाऱ्याला चोर म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. पण चोरीची गाडी रातोरात खोलणारा मेस्त्री, तिचे पार्ट विकणारा दुकानदार आणि अर्ध्या किमतीत ते आपल्या मोटारसायकलला बसवून घेणारे गिऱ्हाईक, यांना काय म्हणावे? इथे आम्ही सारे गप्प होतो. जो तो म्हणतो, "मी कुठे चोरी केली?"

मालवणच्या किनाऱ्यावर हा प्रश्न पुस्तकी नाही. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला टिकू देत नाही. नवा पार्ट महाग, म्हणून जुन्या मालाची गरज घरोघरी लागते. गॅरेज आणि भंगार या धंद्यांत आपली माणसे पुष्कळ आहेत, आणि त्यांतली बहुतेक घामाची भाकरी खातात. जुना पार्ट विकणे हा गुन्हा नाही. वस्तू आली कुठून, एवढाच सवाल आहे.

कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेतली 410 ते 414 ही कलमे चोरीच्या मालाची होती. 1 जुलै 2024 पासून त्यांची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 ने घेतली. आशय तोच राहिला. माल चोरीचा आहे हे जाणून, किंवा तसे मानायला पुरेसे कारण असताना, जो अप्रामाणिकपणे तो घेतो त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. लपवायला, विल्हेवाट लावायला जाणूनबुजून मदत करणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा. खोलणारा मेस्त्री इथे सापडतो. आणि ज्याने हाच धंदा मांडला त्याला दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेपसुद्धा. साध्या चोराला तीन वर्षे आणि नेहमीच्या घेणाऱ्याला जन्मठेप, हे वरवर उलटे वाटते. पण घेणारा नसेल तर चोरणारा चोरील कशाला?

निव्वळ संशयावर कुणी गुन्हेगार ठरत नाही. मात्र खरवडलेला इंजिन नंबर, निम्मा भाव आणि बिल द्यायला नकार, एवढे समोर असताना "मला काय ठाऊक" म्हणणे टिकत नाही. न विचारणे हेही एक उत्तरच असते.

कुणी म्हणेल, गाडी खोलली की गाडी उरतेच कुठे? हा प्रश्न आपल्या फुकहांना नवा नाही. बळकावलेल्या गव्हाचे पीठ केले तर पीठ कुणाचे? हनफी मताप्रमाणे वस्तूचे नाव आणि उपयोगच पालटला, तर मूळ मालकाला भरपाई द्यावी लागते, आणि ती देईपर्यंत त्या पिठाची भाकरी खाणे रास्त नाही. कोकणातले आपण बहुतेक शाफई. शाफई मत त्याहून कडक आहे. पीठसुद्धा मालकाचेच. पण गाडीच्या बाबतीत दोन्ही वाटा एकाच मुक्कामाला येतात. दळल्यावर गहू उरत नाही. गाडी खोलली तरी चाक चाकच राहते. 1930 चा वस्तुविक्री कायदाही सामान्यतः हेच सांगतो, की विकणाऱ्याचाच मालावर हक्क नसेल तर घेणाऱ्याला तो कुठून मिळणार? पोलिसांनी पार्ट जप्त केला की पैसे मागायचे ते विकणाऱ्याकडे.

उत्तर प्रदेशात मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या खोलण्यासाठी देशभर बदनाम होता. डिसेंबर 2021 मध्ये पोलिसांनी तो बंद पाडला. बाजारच बदनाम झाला की सचोटीने विकणाऱ्याला वेगळे कोण ओळखणार? आपल्याकडेही नाव आणि टोपी पाहून गॅरेजवाल्याकडे बोट दाखवणारे आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी, असा तो अन्याय आहे. त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण चोरीनंतर थोड्याच काळात ज्याच्या ताब्यात माल सापडतो, त्याला खुलासा देता आला नाही तर न्यायालय त्याच्याविरुद्ध अनुमान काढू शकते. अशा वेळी भाषण नव्हे, वहीतली नोंद कामी येते: कुणाकडून घेतले, कधी, आरसी बुक पाहिले का, चासी नंबर काय.

आता त्या मालकाकडे पाहू. मालवणहून कट्ट्याला मासळी नेणाऱ्याची गाडी गेली, तर रोजगार थांबतो, कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. हे हक्कुल इबाद आहे, बंद्याचे बंद्यावरचे देणे. नमाज-रोज्यांनी ते फिटत नाही. वस्तू परत करावी लागते किंवा मालकाची माफी मिळवावी लागते. अख्खी गाडी चोरणाऱ्याला उद्या पश्चात्ताप झाला, तर ती दारात उभी करता येते. खोललेली गाडी कुणाच्या दारात उभी करणार? चाक एका गावी, इंजिन दुसऱ्या, टाकी तिसऱ्या. खोलण्याने मालकाचा हक्क तुटत नाही, परतीची वाट मात्र तुटते. मालक सापडतच नसेल तर तेवढी किंमत त्याच्या वतीने गरिबांना द्यावी, सवाबाची आशा न धरता, असे उलेमा सांगतात. त्यापेक्षा दुकानात उभे असतानाच बिल मागणे किती सोपे!