मोठीं चाकें

मनुष्यानें आपल्या सोयीचीं साधनें वाढवावींत कीं नाहींत, हा वाद आतां निरर्थक झाला आहे. तीं त्यानें वाढविलींच आहेत. विचारण्याजोगा प्रश्न निराळा आहे. साधनाचें सामर्थ्य वाढलें म्हणजे तें वापरणाराची जबाबदारी पूर्वींइतकीच राहते, कीं तीहि वाढते? हा प्रश्न माझ्यापुढें ग्रंथांतून आला नाहीं. तो गेल्या पावसाळ्यांत हिंदमात्याच्या चौकांत गुडघाभर पाण्यांत उभा राहिला, आणि त्या वेळीं मी मात्र कोरडा होतों.

माझ्या एका भाच्याला प्रवासाचा नाद आहे. त्यानें एक दणकट पिकअप गाडी घेतली आणि तिचें फिरतें बिऱ्हाड करण्याचा ध्यास घेतला. मागच्या हौद्यावर लोखंडी सांगाडा चढला. त्यावर उलगडतां येणारा तंबू आला. पाण्याची टाकी, शेगडी, जादा बॅटरी यांची सोय झाली. लडाख, स्पीती, कच्छचें रण, हीं नांवें त्याच्या तोंडीं सारखीं असत. ही हौस मला कधींच हास्यास्पद वाटली नाहीं. बिऱ्हाड बरोबर घेऊन घराबाहेर पडण्याची ओढ आपल्याकडे जुनी आहे. ज्येष्ठांत आळंदीहून निघणाऱ्या पालखीबरोबर दिंड्या राहुट्या ठोकीत पंढरपूर गांठतात, आणि आतां त्यांचीं भांडींकुंडीं ट्रकांतून पुढें जातात. म्हणून कोणी वारीला नांवें ठेवीत नाहीं.

अखेर एके दिवशीं भाचा म्हणाला, "मामा, टायर मोठे बसवायचे म्हणतोय. तुम्हांला काय वाटतं?" मी तीस वर्षें वर्गांत मिल शिकवीत आलों आहें. मीं तत्काळ उत्तर दिलें, "तुझी गाडी, तुझे पैसे. मला काय विचारतोस?" उत्तर उदार होतें आणि विचार करण्याचे श्रम वांचविणारें होतें.

मोठ्या टायरानें नेमकें काय साधतें, हें मीं मागाहून समजावून घेतलें. 29.5 इंच व्यासाच्या चाकाच्या जागीं 33 इंचांचें चाक बसविलें, तर व्यास साडेतीन इंचांनीं वाढतो. परंतु गाडीचें पोट जमिनीपासून वर जातें तें त्याच्या निम्म्यानें, म्हणजे पावणेदोन इंच. खडकाळ ओढ्यांत तेवढ्यालाहि मोल असतें, हें खरें. पण लाभ निम्मा असला तरी भार पुरा असतो. जड चाक फिरविण्यास इंजिनाला जोर अधिक लागतो आणि थांबविण्यास ब्रेकला. वळतांना टायर घासूं नये म्हणून पुष्कळदां गाडी स्प्रिंगांवर आणखी उचलावी लागते. आणि गाडी उंच झाली कीं वळणावर कलंडण्याची भीति वाढते. वाळूंत तर जाणते लोक वेगळीच युक्ति योजतात. ते टायरांतील हवा थोडी कमी करतात. टायर पसरतो, भार अधिक जागेवर विभागला जातो, आणि गाडी सहसा रुतत नाहीं. पक्का रस्ता लागला कीं हवा पुन्हां भरावयाची.

या सर्वांत मला विचार करावयास लावलें तें वेगमापकानें. हें यंत्र रस्ता पाहत नाहीं. तें फेरे मोजतें आणि दर फेऱ्यास ठराविक अंतर धरून चालतें. चाक मोठें झालें आणि यंत्राला तें कोणी कळविलें नाहीं, तर कांटा 60 वर असतांना गाडी ताशीं 67 किलोमीटर वेगानें धावत असते. यंत्र बिघडलेलें नसतें, खोटेंहि बोलत नसतें. तें प्रामाणिकपणें जुन्या चाकाचा हिशेब सांगत असतें.

आतां हिंदमात्याकडे वळतों. डॉ. आंबेडकर मार्गावरील हा भाग भोवतालच्या मानानें सखल, बशीच्या तळासारखा आहे. पाणी सांठवून धरण्यासाठीं महापालिकेनें 2021 च्या सुमारास परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखालीं आणि दादरच्या प्रमोद महाजन कला उद्यानाखालीं टाक्या बांधण्यास घेतल्या. तेव्हांपासून पाणी पूर्वींइतका वेळ रेंगाळत नाहीं. तरी मोठी सर आणि समुद्राची भरती एका वेळीं आली कीं येथील जुन्या रहिवाशाची नजर आपोआप उंबरठ्याकडे जाते. मी त्या रहिवाशांपैकींच एक आहें.

त्या दिवशीं भाचा मला नेण्यास कॉलेजांत आला. नवे टायर बसवून आठच दिवस झाले होते. चौकांत टॅक्सी बंद पडल्या होत्या आणि माणसें दुभाजकाच्या कडेनें चाचपडत चाललीं होतीं. आमची गाडी सरळ पाण्यांत शिरली. मला आनंद झाला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. ज्या पाण्यांतून मी लहानपणापासून चपला हातांत धरून गेलों, तें पाणी खालीं होतें आणि मी वर होतों.

गाडीच्या दोन्ही अंगांनीं लाट निघाली. ती पदपथावर चढली आणि एका कापडाच्या दुकानाच्या दारांत आडव्या लावलेल्या फळीवरून आंत गेली. दुकानदार आणि त्याचीं पोरें गठ्ठे वरच्या मांडणीवर चढवीत होतीं. खालची रांग अद्याप उचलावयाची होती. दुकानदारानें मान वर करून पाहिलें. आमच्या घरच्या दिवाळीच्या साड्या कित्येक वर्षें त्याच दुकानांतून आल्या आहेत. मीं त्याला ओळखलें, आणि तोंड दुसऱ्या खिडकीकडे फिरविलें.

"पाहिलंत ना मामा?" भाचा म्हणाला, "आंत एक थेंबसुद्धां नाहीं!"

जॉन स्टुअर्ट मिलनें 1859 सालीं 'ऑन लिबर्टी' या ग्रंथांत जी कसोटी सांगितली, तिचें सार असें कीं, ज्या वर्तनाचा संबंध मुख्यतः कर्त्याशींच आहे तेथें तो स्वतंत्र. दुसऱ्यास इजा पोंचते तेथें समाजास अडविण्याचा अधिकार. तिच्याच बळावर मीं भाच्याला मोकळें सोडलें होतें. कसोटी अजूनहि मला खोटी वाटत नाहीं. पण स्वतःचा विषय कोठें संपतो आणि दुसऱ्याचा कोठें सुरू होतो, ही रेषा वस्तूवर कायमची आंखलेली नसते, हें मी विसरलों होतों. स्पीतीच्या निर्जन दगडगोट्यांत तोच टायर बव्हंशीं भाच्याचा खाजगी विषय आहे. हिंदमात्याच्या पाण्यांत तो दुकानदाराचा विषय होतो.

कायद्याचें काय, असें कोणी विचारील. मोटार वाहन अधिनियम, 1988 याच्या 52 व्या कलमान्वयें नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून निराळा होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं, आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी 2019 मध्यें हें पुन्हां बजावलें आहे. कायद्यानें चूक म्हणून चूक, असें म्हणून येथेंच थांबतां आलें असतें. परंतु कारखान्यांतूनच उंच निघालेली, सर्व नियमांत बसणारी गाडीहि तशीच लाट उठविते. कायदा टायराचें माप घेतो; लाट कोणाच्या उंबरठ्यावर फुटली, हें ज्याचें त्यानेंच पाहावयाचें असतें. उलट, अशीच उंच गाडी पुरांत अडकलेल्या रोग्याला बाहेर काढते, तेव्हां उंचीलाच दोष देणें हाहि अविचार होय. उंच बसणारास खालचें कमी दिसूं लागतें, दोष तेथें आहे. भाचा मागून म्हणाला, "मी तर वीसनंच चाललो होतो." तो खोटें बोलत नव्हता. कोरड्या रस्त्यावर ज्याला सावकाश म्हणतात तितकाच तो सावकाश होता. चाक नवें होतें, मापक जुना होता.

दुसऱ्या दिवशीं मी त्या दुकानांत गेलों. भिजलेलीं ठाणें बाहेर वाळत घातलीं होतीं. मीं सर्व सांगितलें आणि नुकसान भरून देण्याची गोष्ट काढली. दुकानदार हंसला. "सर, किती गाड्या गेल्या काल! तुमची कोणती, मला काय ठाऊक?" त्यानें पैसे घेतले नाहींत. त्याच्या बोलण्यानें माझें समाधान व्हावयास हवें होतें, पण झालें नाहीं. लाटा पुष्कळ असल्या म्हणजे प्रत्येकाला आपली लाट त्यांत मिसळून टाकतां येते, एवढेंच त्यावरून मला कळलें.

भाच्यानें मूळ मापाचे टायर पुन्हां बसविण्याचें कबूल केलें आहे; वाळू लागली तर हवा कमी करूं म्हणतो. तोंपर्यंत वेगमापक त्यानें नव्या चाकाशीं जुळवून घेतला आहे. दुसरा मापक जुळविण्याचें काम त्याच्यापेक्षां माझ्याकडेच अधिक आहे. गाडी त्याच्या हातीं होती, हें खरें. पण त्यानें तो दुकानदार पाहिलाच नव्हता. मीं पाहिला होता.