दार ठोठावणाऱ्यापुरताच न्याय?

एकावर झालेला अन्याय न्यायालयाने दूर केला. परंतु त्याच अन्यायाखाली दबलेल्या, न्यायालयाची पायरीही न चढलेल्या इतरांचे काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २७ जून २०२५ च्या निकालाने हा जुनाच प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला आहे.

राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ रोजी एक आदेश काढला. आई बेकायदा वा तात्पुरत्या वास्तव्यास असेल आणि पिता नागरिक किंवा कायम रहिवासी नसेल, तर तेथे जन्मणाऱ्या मुलाला नागरिक मानू नये, असा त्याचा आशय. नोकरीच्या व्हिसावर गेलेली मराठी कुटुंबेही त्याच्या कक्षेत येत होती. तीन जिल्हा न्यायालयांनी १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीकडे बोट दाखवून आदेशाला देशभर मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सहा विरुद्ध तीन मतांनी म्हटले की, १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याने कनिष्ठ संघीय न्यायालयांना असा सर्वव्यापी अधिकार दिलेला दिसत नाही. वादीला पूर्ण दाद मिळेल, एवढाच मनाईहुकूम द्यावा. मूळ आदेश घटनासंमत आहे की नाही, हे त्या निकालात ठरविलेच नाही.

न्यायमूर्ती बॅरेट यांनी मांडलेल्या या बहुमतात तथ्य नाही, असे आम्ही म्हणणार नाही. ९४ जिल्हा न्यायालयांपैकी कोण्या एका न्यायाधीशाने साऱ्या देशाचा कारभार थांबवावा, हे कोणत्याही पक्षाच्या सरकारला जाचते. बायडेन यांच्या धोरणांनाही असे हुकूम आडवे आले होते. सद्हेतूने वापरलेल्या सत्तेलाही कुंपण हवेच. परंतु न्यायमूर्ती सोटोमायोर यांचे भिन्नमतही विसरता येत नाही: दावा लावण्याची ऐपत नसणाऱ्यांचे हक्क यामुळे उघड्यावर पडतात.

वाट अगदीच बंद झाली नाही. १० जुलै २०२५ रोजी न्यू हॅम्पशायरमधील न्यायाधीशांनी अशा बालकांचा एक वर्ग मानून सामूहिक दाव्यात मनाईहुकूम दिला.

ज्याचे त्याला देण्याची अखंड इच्छा म्हणजे न्याय, असे रोमन विधिज्ञ सांगत. ज्याचे त्याला; केवळ मागेल त्याला नव्हे. न्यायालयाचा हात कोठवर पोचावा, हे कायदा ठरवील. परंतु एका बालकाच्या बाबतीत जे बेकायदा ठरले, ते शेजारच्या पाळण्यातील बालकावर, त्याच्या आईबापांनी दावा लावला नाही एवढ्याचसाठी, लादणे राज्यकर्त्याला कायद्याने शक्य असेलही, नीतीने नाही. न्यायाधीशाचा अधिकार जेवढा आखडतो, तेवढे राज्यकर्त्याच्या सद्सद्विवेकावरील ओझे वाढते.