ज्या देवीला ग्रंथ नाही

माटुंग्याच्या मरुबाईची ओटी भरणाऱ्या बाईला विचारा, "तुमचा धर्मग्रंथ कोणता?" ती हसेल. पण एकोणिसाव्या शतकातील युरोपीय धर्मपंडितांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असे. जिथे ग्रंथ तिथे धर्म. बाकीच्या साऱ्या भाबड्या समजुती! माक्स म्युल्लर यांनी आरंभिलेल्या पौर्वात्य धर्मग्रंथांच्या मालेचे 50 खंड 1879 ते 1910 या काळात निघाले. त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र म्युल्लरांनी हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवले नाही. मरुबाई त्यांना भेटणार कोठून?

विद्यापीठांतील परक्यांची मते वगळून आपली घातली, की धर्माभ्यास स्वतंत्र होईल, असे पुष्कळांना वाटते. परंतु पोथीबाहेरच्या दैवतांना नाक मुरडणारे आपल्यातही कमी नव्हते. उलट, विठ्ठल रामजी शिंदे 1901 साली म्युल्लरांच्याच ऑक्सफर्डला तौलनिक धर्म शिकावयास गेले आणि परतल्यावर 1906 साली मुंबईत अस्पृश्यांसाठी मिशन काढून त्यांच्यात राबले. गुंथर सोन्थायमर तर जर्मन. पण बिरोबा समजून घ्यावयास ते धनगरांमध्ये हिंडले.

तेव्हा अभ्यासक कोठला, हा प्रश्न दुय्यम आहे. ओटी भरणारी बाई त्याला केवळ नमुना वाटते, की तिचा शब्दही तो प्रमाण मानतो, ही खरी कसोटी. ती म्हणाली, "ग्रंथाचे राहू द्या, लेकराच्या दुखण्यात मी कोणाला हाक मारते, ते विचारा," तर प्रश्नपत्रिका बदलण्याचे धैर्य विद्यापीठाला हवे.