इबादतखान्याची खरेदी
लंडनमध्ये ब्रिक लेनवरची एक जुनी इमारत. १७४३ साली फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंटांनी चर्च म्हणून बांधलेली. १८१९ पासून मेथडिस्टांची, १८९८ पासून ज्यूंचे सिनेगॉग, १९७६ पासून बांगलादेशी मुसलमानांची मशीद.

वक्फ झालेली मशीद विकता येत नाही, ती अल्लाहची, असे आपण मानतो. मग दुसऱ्यांनी विकलेले इबादतखाने आपण घ्यावेत का? जरूर घ्यावेत. बंद दार उघडणे, ढासळती भिंत सावरणे हे नेकीचेच काम. मात्र खरेदीखतात भिंती लिहिल्या जातात, आधीच्यांच्या प्रार्थना नाहीत. त्या आपल्याकडे अमानत असतात. ब्रिक लेनच्या भिंतीवर १७४३ साल कोरलेले सूर्यघड्याळ आजही आहे. आपल्या मशिदींच्या खुणा इतरांनी जपाव्यात, ही अपेक्षा बाळगणाऱ्यांनी एवढे तरी केलेच पाहिजे.